पियानो, जपान आणि रियुइची साकामोतो : एका ‘संगमा’ची ऐतिहासिक तपासणी

१

आधुनिक काळातील एखाद्या आशियाई संगीतकाराचा परिचय करून देताना ‘पूर्व आणि पश्चिम यांचा संगम’ हे शब्द लेखणीतून जितक्या सहजपणे उतरतात, तितक्या सहजपणे ते तपासले जात नाहीत. संगम या रूपकात एक गृहीतक दडलेले आहे. दोन नद्या वेगवेगळ्या उगमांपासून निघतात, आपापल्या पात्रांतून स्वतंत्रपणे वाहत येतात आणि एका निश्चित स्थळी परस्परांना मिळतात. असे स्थळ एखाद्या रचनाकाराच्या प्रतिभेत सापडते, असे मानले की इतिहासाचे काम संपते. उरते ते केवळ या नदीचे पाणी किती आणि त्या नदीचे किती, एवढे मोजणे.

जपानी रचनाकार व पियानोवादक रियुइची साकामोतो (१९५२–२०२३) यांच्यासंबंधी हे रूपक वारंवार वापरले गेले आहे. एकीकडे बाख, देब्युसी आणि साती यांचा वारसा, दुसरीकडे जपानी संगीतातील विराम व नादवैशिष्ट्ये, आणि या दोहोंची गाठ पियानोवर पडलेली, असे त्यांचे चित्र सामान्यतः रेखाटले जाते. हे चित्र अगदीच खोटे आहे असे नाही. परंतु साकामोतो यांच्या जन्मापूर्वीच्या पाऊणशे वर्षांचा विचार केला तर ते फारच अपुरे आहे असे म्हणावे लागते. ज्याला आपण त्यांच्यातील ‘युरोपीय’ अंश म्हणतो तो जपानमध्ये शासकीय निर्णयाने रुजविला गेला होता; ज्याला ‘जपानी’ अंश म्हणतो त्याचा काही भाग पॅरिसमार्गे त्यांच्यापर्यंत परत आला होता; आणि ‘संगम’ ही कल्पना स्वतःच एका सरकारी योजनेतील कलम होती. प्रस्तुत निबंधात या तीन गोष्टींचा क्रमाने परामर्श घेऊन, साकामोतो यांच्या कार्याचे महत्त्व संगम साधण्यात नसून त्या संगमाच्या साधनाची, म्हणजे पियानोची, तपासणी करण्यात आहे, असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

२

मेइजी राजवटीचा प्रारंभ १८६८ मध्ये झाला. सैन्य, न्याय, पोशाख, पंचांग या सर्वांप्रमाणेच संगीताकडेही नव्या शासनाने राष्ट्रबांधणीचे एक अंग म्हणून पाहिले. राजदरबारी ‘गागाकु’ संगीताच्या परंपरागत वादकांना १८७४ पासून पाश्चात्त्य वाद्यांचे शिक्षण देण्यास आरंभ झाला. पुढे १८८० मध्ये ‘किमिगायो’ हे राष्ट्रगीत आजच्या चालीत सिद्ध झाले, तेव्हा चाल दरबारी वादकांनी दिली आणि तिला हार्मनीचा, म्हणजे अनेक स्वरांच्या एकसमयी मेळाचा, साज फ्रान्त्स एकेर्ट या जर्मन बँडप्रमुखाने चढविला. एकाच गीतात दोन संगीतपद्धती अशा रीतीने शासनाच्या आश्रयाखाली एकत्र बसविल्या गेल्या.

शिक्षणाच्या क्षेत्रातील प्रयत्न याहून दूरगामी ठरला. शुजी इसावा (१८५१–१९१७) हे तरुण शिक्षणाधिकारी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अध्यापनशास्त्र शिकले आणि बोस्टन येथील शालेय संगीताचे शिक्षक ल्यूथर व्हाइटिंग मेसन यांच्याकडून त्यांनी गायनाचे धडे घेतले. १८७९ मध्ये शिक्षणखात्याच्या अंतर्गत ‘संगीत अन्वेषण मंडळ’ स्थापन झाले व त्याची सूत्रे इसावांकडे आली. त्यांनी सादर केलेल्या योजनेत तीन कलमे होती : पूर्व व पश्चिम येथील संगीताचा मेळ घालून नवे संगीत निर्माण करणे, भावी राष्ट्रीय संगीतासाठी माणसे तयार करणे, आणि शाळांतून संगीत शिकविणे. पहिल्या कलमात योजलेला शब्द ‘सेत्चू’ हा होता. दोन टोकांतून निवड करून मधला मार्ग काढणे, असा त्याचा आशय. साकामोतो यांच्यासंबंधी आज जे गौरवाने बोलले जाते, ते १८७९ मध्ये एका खात्याचे उद्दिष्ट होते, ही गोष्ट अभ्यासकाने विसरता कामा नये.

मेसन १८८० मध्ये टोकियोत आले आणि १८८२ मध्ये परतले. त्यांच्या साहाय्याने तयार झालेल्या शालेय गीतसंग्रहांत अनेक चाली परकीय होत्या. स्कॉटलंडमधील ‘ऑल्ड लँग साइन’ ही चाल ‘होतारू नो हिकारी’ या जपानी शब्दांसह शाळाशाळांतून गायिली जाऊ लागली व पुढे ती जपानी माणसाला आपलीच वाटू लागली. हे घडले त्याला स्वरशास्त्रीय कारण होते. त्या चालीत मध्यम आणि निषाद जवळजवळ नाहीत. या काळात रूढ झालेल्या नव्या औडव स्वरश्रेणीला ‘योनानुकी’, म्हणजे ‘चौथा व सातवा वगळलेली’, असे नाव मिळाले. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर सा, रे, ग, प, ध. म्हणजे भूप रागाचे स्वर. पाश्चात्त्य मेजर श्रेणीतून दोन स्वर काढून टाकले की पाश्चात्त्य हार्मनीही चालते आणि कानाला पौर्वात्य पंचस्वरांचा भासही होतो, अशी ही तडजोड होती. जपानी व पाश्चात्त्य स्वरव्यवस्थांत मूलगामी भेद नाही, असे इसावांचे प्रतिपादन होते. आणि ते सिद्ध होईल अशीच श्रेणी शाळांतून प्रसृत झाली.

या धोरणाची किंमतही नोंदविली पाहिजे. शामिसेन, कोतो, शाकुहाची यांचे संगीत घराण्यांत, रंगभूमीवर आणि करमणुकीच्या वस्त्यांत जिवंत राहिले; परंतु शाळेच्या दारातून त्यांना प्रवेश मिळाला नाही. माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्याने निदान एक तरी जपानी वाद्य हाताळावे, हा नियम प्रत्यक्ष अमलात येण्यास २००२ साल उजाडावे लागले. तोपर्यंत शतकाहून अधिक काळ शिकलेल्या जपानी माणसाच्या दृष्टीने ‘संगीत’ या शब्दाचा अर्थ मुख्यतः पाश्चात्त्य संगीत असाच होता. इसावांचे मंडळ १८८७ मध्ये टोकियो संगीत विद्यालय बनले आणि १९४९ मध्ये ललितकला विद्यालयाशी एकत्र येऊन टोकियो कला विद्यापीठात विलीन झाले. याच विद्यापीठात साकामोतो यांनी शिक्षण घेतले.

३

धोरणाला साधन लागते. ते साधन तोराकुसु यामाहा (१८५१–१९१६) या कारागिराने पुरविले. १८८७ मध्ये हामामात्सु येथील प्राथमिक शाळेतील परदेशी बनावटीचा ऑर्गन नादुरुस्त झाला. तो दुरुस्त करीत असताना यामाहांनी त्याची रचना समजून घेतली आणि तसेच वाद्य स्वतः तयार केले. ते तपासणीसाठी टोकियोच्या संगीत विद्यालयात नेण्यात आले. तेथे वाद्याची बांधणी पसंत पडली, परंतु स्वर जुळलेले नाहीत असा अभिप्राय मिळाला. यामाहांनी मग विद्यालयातच राहून स्वरशास्त्राचे पाठ घेतले आणि दुसरे वाद्य बांधले. पुढे १८९७ मध्ये ‘निप्पॉन गाक्की’ ही कंपनी स्थापन झाली व १९०० मध्ये तिने पहिला उभा पियानो तयार केला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या समृद्धीत हामामात्सु हे पियानोनिर्मितीचे एक जागतिक केंद्र झाले, आणि १९५४ पासून कंपनीच्या आश्रयाने सुरू झालेल्या संगीतवर्गांमुळे मध्यमवर्गीय घरात मुलाला वा मुलीला पियानो शिकविणे ही प्रतिष्ठेची बाब बनली.

या घटनेतील ‘स्वर जुळलेले नाहीत’ हा अभिप्राय विशेष विचारार्ह आहे. कशाशी जुळलेले नाहीत, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नाही. सप्तकाचे बारा समान भाग करणारी युरोपीय पद्धती हीच शुद्धतेची कसोटी मानली गेली होती. शाकुहाचीचा वादक फुंकरीचा कोन बदलून स्वर किंचित उतरवितो वा चढवितो. शामिसेनच्या नादात तार दांडीच्या वरच्या टोकाजवळ मुद्दाम झणझणत ठेवलेली असते. या कसोटीवर असे सर्व नाद ‘बेसूर’ ठरणार हे उघड होते. हामामात्सुचा कारागीर जी विद्या शिकून परतला ती केवळ कौशल्याची नव्हती. काय ऐकावे व काय ऐकू नये, याची ती शिस्त होती. शंभर वर्षांनंतर साकामोतो यांच्यापुढे याच शिस्तीचा प्रश्न उभा राहिला, म्हणून येथे तिचा निर्देश केला आहे.

४

दरम्यान प्रवाह उलट दिशेनेही वाहत होता. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात क्लोद देब्युसी यांनी जावामधील गामेलान वादन ऐकले आणि त्याचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. त्यांच्या १९०३ च्या ‘एस्ताम्प’ या पियानोरचनेतील ‘पागोद’ हा भाग त्याची साक्ष देतो. औडव श्रेणी, निरनिराळ्या गतींचे एकावर एक रचलेले स्वरथर, पेडल दाबून ठेवल्याने एकमेकांत विरघळणारे नाद : ही सारी सामग्री पूर्वेकडून सुचलेली, पण पियानोच्या देहात उतरविलेली आहे. १९०५ मध्ये त्यांच्या ‘ला मेर’ या वाद्यवृंदरचनेची स्वरलिपी प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या मुखपृष्ठावर होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेचे चित्र योजले होते. युरोपीय हार्मनीतील कारणपरंपरा सैल करून प्रत्येक स्वरसमूहाला स्वतंत्र रंग मानण्याची जी दृष्टी देब्युसी यांनी दिली, तिच्या घडणीत आशियाचा वाटा होता.

साकामोतो यांचा जन्म १७ जानेवारी १९५२ रोजी टोकियो येथे झाला. त्यांचे वडील काझुकी साकामोतो हे युद्धोत्तर साहित्यातील एक ख्यातनाम संपादक होते. मुलाने लहानपणी पियानो व पुढे रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले. किशोरवयात मामांच्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहात देब्युसी यांची तंतुवाद्य-चौकडी त्यांच्या कानी पडली आणि त्यांना तिचा असा ध्यास लागला की आपण देब्युसी यांचाच पुनर्जन्म आहोत असे त्यांना काही काळ वाटत असे. स्वतः साकामोतो यांनी ही आठवण अनेकदा सांगितली आहे. जीवनचरित्रकाराला ती गमतीची वाटेल. इतिहासकाराला तीत एक वर्तुळ पूर्ण झालेले दिसेल. आशियाई नादाने मोहित झालेला फ्रेंच रचनाकार आणि त्याच्या नादात स्वतःला ओळखणारा जपानी मुलगा, या दोघांत ‘पूर्व’ कोण आणि ‘पश्चिम’ कोण, हे सांगणे सोपे नाही. त्या मुलाच्या घरात शामिसेन नव्हे, पियानो होता, ही गोष्ट तर अपघाताची मुळीच नव्हती.

५

१९७० मध्ये साकामोतो यांनी टोकियो कला विद्यापीठाच्या रचनाविभागात प्रवेश घेतला. विद्यार्थी-चळवळीचा तो काळ होता व शालेय वयापासूनच ते तीत सामील झाले होते. विद्यापीठात दोन गोष्टींनी त्यांचे लक्ष वेधले : इलेक्ट्रॉनिक ध्वनियंत्रे, आणि फुमिओ कोइझुमी (१९२७–१९८३) यांची लोकसंगीतावरील व्याख्याने.

कोइझुमी यांचे नाव भारतीय वाचकाला परिचित असावयास हवे. १९५० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतात राहून येथील संगीताचा अभ्यास करीत होते. १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी जपानी संगीताचा पाया सप्तकात नसून षड्ज-मध्यम अंतराच्या चौकटीत आहे, असे दाखविले. चौकटीचे दोन टोकांचे स्वर अचल, आणि मध्ये एकच चल स्वर. या मधल्या स्वराच्या स्थानावरून चार प्रकार पडतात. अशा दोन चौकटी एकावर एक ठेवल्या की चार औडव श्रेणी मिळतात. त्या आपल्या स्वरनामांत मांडल्यास त्यांचे स्वरूप चटकन ध्यानात येते. लोकगीतांची श्रेणी सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानीचे स्वर. नागर संगीताची ‘मियाको-बुशी’ श्रेणी सा, कोमल रे, म, प, कोमल ध, म्हणजे गुणक्रीचे स्वर. दरबारी वळणाची ‘रित्सु’ श्रेणी सा, रे, म, प, ध, म्हणजे दुर्गेचे स्वर. आणि ओकिनावा बेटांवरील ‘र्‍युक्यू’ श्रेणी सा, ग, म, प, नी, म्हणजे तिलंगाच्या आरोहाचे स्वर. हे साम्य स्वरस्थानांपुरतेच आहे. रागत्वाचा, चलनाचा वा न्यासाचा त्याच्याशी संबंध नाही, हे सांगणे न लगे.

या सिद्धांताचे ऐतिहासिक महत्त्व असे की, इसावांच्या ‘योनानुकी’ श्रेणीचे पितळ त्यामुळे उघडे पडले. पाश्चात्त्य श्रेणीतून दोन स्वर वजा करून जपानी संगीत मिळत नाही. त्याची घडणच निराळी आहे. शिवाय ‘जपानी’ म्हणून एकच एक संगीत नाही, हेही त्यातून निष्पन्न झाले. चौथी श्रेणी ज्या बेटांची, ते र्‍युक्यूचे राज्य जपानने खालसा केले ते साल १८७९. इसावांचे मंडळ स्थापन झाले तेच. केंद्राने एकाच वर्षी एका राज्याचा अंत केला आणि राष्ट्रीय संगीताची योजनाही आखली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध शोधण्याचे कारण नाही; परंतु दोन्ही एकाच राष्ट्रनिर्मितीची अंगे होती, यात शंका नाही.

जपानी परंपरेविषयी तरुण साकामोतो यांची भूमिका या पार्श्वभूमीवर समजून घेतली पाहिजे. तोरु ताकेमित्सु (१९३०–१९९६) यांच्या ‘नोव्हेंबर स्टेप्स’ या रचनेत बिवा आणि शाकुहाची ही वाद्ये पाश्चात्त्य वाद्यवृंदासमोर उभी केली होती. १९६७ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने सेइजी ओझावा यांच्या नेतृत्वाखाली ती प्रथम सादर केली आणि जगभर तिचे स्वागत झाले. विद्यार्थी साकामोतो यांनी मात्र ताकेमित्सु यांच्या कार्यक्रमाच्या ठिकाणी त्यांच्याविरुद्ध पत्रके वाटली. देशी वाद्यांचा असा उपयोग म्हणजे राष्ट्रवादाकडे परत जाणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. पत्रके वाटणाऱ्या या विद्यार्थ्याशी स्वतः ताकेमित्सु येऊन बोलले, आणि पुढे साकामोतो यांच्या मनात त्यांच्याविषयी मोठा आदर निर्माण झाला.

हा आक्षेप तारुण्यसुलभ अतिरेकाचा होता, असे म्हणून सोडून देता येणार नाही. युद्धकाळात ‘जपानीपणा’चा जो घोष झाला त्याची आठवण ताजी होती, खुद्द ताकेमित्सु यांनाही त्यामुळेच देशी संगीत दीर्घकाळ नकोसे वाटत असे, आणि त्याचे मोल त्यांना उमगले ते अमेरिकन रचनाकार जॉन केज यांच्या विचारांच्या द्वारा. जपानी रचनाकाराला जपानी संगीताकडे जाण्याचा रस्ता पुन्हा एकदा परदेशातून गेलेला आढळतो. अशा स्थितीत ‘संगम’ हा निरुपद्रवी सौंदर्यवाचक शब्द राहत नाही. कोणाच्या सोयीसाठी, कोणत्या सत्तेच्या छायेत आणि काय वगळून हा संगम होतो, असा प्रश्न त्या पत्रकामागे होता. तो योग्यच होता.

६

साकामोतो यांच्या पुढील कार्याचा तपशीलवार आढावा घेणे हा येथे हेतू नाही. वरील प्रश्नाला त्यांनी जी उत्तरे शोधली, त्यांपैकी तीन टप्प्यांचा विचार पुरेसा होईल.

पहिला टप्पा विडंबनाचा. १९७८ मध्ये हारुओमी होसोनो आणि युकिहिरो ताकाहाशी यांच्यासह त्यांनी ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ हा संच उभा केला. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ‘फायरक्रॅकर’ ही रचना होती. ती मूळची मार्टिन डेनी या अमेरिकन वादकाची, १९५९ मधील. पूर्वेच्या काल्पनिक, मोहक देखाव्याची बाजारपेठेसाठी घडविलेली प्रतिमा. जपानी कलावंतांनी पश्चिमेने रंगविलेले आपलेच हे चित्र उचलले आणि यंत्रांच्या काटेकोर ठेक्यावर वाजवून पश्चिमेला परत विकले. येथे संगम नाही. आहे तो आरसा.

दुसरा टप्पा चित्रपटसंगीताचा. नागिसा ओशिमा यांच्या १९८३ च्या ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’ या चित्रपटात साकामोतो यांनी कॅप्टन योनोई या जपानी अधिकाऱ्याची भूमिका केली आणि संगीतही दिले. कथानक १९४२ मधील जावा बेटावरील युद्धकैद्यांच्या छावणीत घडते. प्रमुख सुरावट औडव वळणाची आहे, तिच्याखालील हार्मनी देब्युसीनंतरच्या फ्रेंच संगीताची आठवण करून देते, आणि मूळ ध्वनिमुद्रणातील विद्युत्-वाद्यांचा नाद गामेलानच्या घंटानादासारखा आहे. जपानी सैनिक, इंग्रज कैदी आणि जावाची भूमी. परंतु ही चाल यांपैकी कोणत्याही एका देशाची म्हणता येत नाही. १८८९ मध्ये पॅरिसला पोहोचलेला जावाचा नाद चौऱ्याण्णव वर्षांनी टोकियोतील एका रचनाकाराच्या यंत्रांतून पुन्हा जावाच्या दृश्यावर येऊन स्थिरावला. या संगीताला ब्रिटिश चित्रपट अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर बेर्तोलुची यांच्या ‘द लास्ट एम्परर’ (१९८७) या चित्रपटासाठी डेव्हिड बर्न व काँग सू यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर पुरस्कार लाभला, आणि ‘पौर्वात्य विषयांचा जागतिक संगीतकार’ अशी त्यांची ख्याती झाली. या ख्यातीला बाजाराचे पाठबळ होते, हे मान्य केलेच पाहिजे. ‘जपानीपणा’ हा तोवर विक्रीस योग्य गुण झाला होता.

तिसरा टप्पा ओकिनावाचा. ‘निओ जिओ’ (१९८७) आणि ‘ब्यूटी’ (१९८९) या ध्वनिमुद्रिकांत त्यांनी ओकिनावाच्या गायिकांना स्थान दिले. दुसऱ्या मुद्रिकेत तेथील ‘चिन्सागु नो हाना’ हे लोकगीत आहे. कोइझुमी यांच्या चौथ्या श्रेणीचे हे स्वर होत. टोकियोच्या मुख्य प्रवाहातील ‘जपानी’ संगीताकडे न वळता त्यांनी खालसा झालेल्या राज्याच्या संगीताकडे कान दिला, यात त्यांच्या तरुणपणीच्या आक्षेपाचे सातत्य दिसते. अर्थात टोकियोत प्रतिष्ठा पावलेल्या कलावंताने ओकिनावाचा स्वर आपल्या जागतिक मिश्रणात घ्यावा, यातही विषमता आहेच. ती नाहीशी झाली असे म्हणता येत नाही. ती ऐकू येण्याजोगी झाली, एवढे निश्चित म्हणता येईल.

७

१९९० पासून साकामोतो यांचे वास्तव्य मुख्यतः न्यूयॉर्क येथे होते. याच दशकात ते एकट्या पियानोकडे पुन्हा वळले. १९९८ च्या ‘बीटीटीबी’ या संग्रहात साती आणि देब्युसी यांची छाया स्पष्ट आहे. १९९९ मध्ये जाहिरातीसाठी रचलेली ‘एनर्जी फ्लो’ ही पियानोरचना जपानच्या विक्रीतालिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. शब्दविरहित वादनाला हा मान प्रथमच मिळाला. ज्या देशात यामाहांचा ऑर्गन शंभर वर्षांपूर्वी परका होता, त्या देशात पियानो हा सर्वसामान्यांच्या अंतःकरणाचा आवाज झाला होता. इसावांची योजना यशस्वी झाली असे म्हणावयाचे असेल तर त्याचा पुरावा येथे आहे.

परंतु नेमक्या याच यशाविषयी साकामोतो यांच्या मनात पुढे शंका निर्माण झाली. ११ मार्च २०११ रोजी ईशान्य जपानमध्ये भूकंप व त्सुनामी यांनी हाहाकार उडविला. मियागी प्रांतातील नातोरी येथील कृषी विद्यालयाचा पियानो पाण्यात बुडाला. साकामोतो यांनी पुढे तो पाहिला व वाजविला. लाकूड फुगलेले, तारा गंजलेल्या, काही पट्ट्या खाली दबून वर न येणाऱ्या. प्रथम त्यांना ते वाद्याचे प्रेत वाजविल्यासारखे वाटले. नंतर मात्र त्यांचा विचार पालटला. पियानोच्या तारांवर एकूण सुमारे २० टन ताण असतो. त्याची लाकडी अंगे यंत्रबळाने वाकवून साच्यात बसविलेली असतात. पदार्थ आपल्या मूळ स्थितीकडे परतू पाहतो, त्याला माणूस ‘स्वर उतरला’ असे म्हणतो. त्सुनामीने पियानो बिघडविला नसून निसर्गाने त्याला आपल्या रीतीने पुन्हा जुळविले, अशी त्यांची धारणा झाली. त्या पियानोचे नाद त्यांनी ‘असिंक’ (२०१७) या संग्रहात योजले, आणि त्याच वर्षी टोकियो येथील एका प्रदर्शनात शिरो ताकातानी यांच्या सहकार्याने तो पियानो भूकंपमापनाच्या जागतिक नोंदींशी जोडला. पृथ्वीच्या हालचालींनी त्याच्या पट्ट्या वाजत.

ही घटना केवळ पर्यावरणविषयक भावना म्हणून वाचणे पुरेसे नाही. तिला मागील इतिहासाशी जोडून पाहावे. टोकियोच्या संगीत विद्यालयात हामामात्सुच्या वाद्याला ‘स्वर जुळलेले नाहीत’ असे सांगण्यात आले आणि जपानी कानाला नवी शिस्त लागली. सुमारे १३० वर्षांनंतर त्याच विद्यालयाच्या परंपरेतून आलेल्या एका पियानोवादकाने न जुळलेल्या पियानोसमोर बसून विचारले की, जुळलेले म्हणजे कोणाशी जुळलेले? जो प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता तो आता वाद्याच्याच मुखाने विचारला गेला.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. साकामोतो यांच्या उत्तरकालीन वादनात स्वर फार थोडे आहेत. एक स्वरसमूह वाजतो, तो पूर्णपणे विझेपर्यंत वादक थांबतो, आणि मग दुसरा येतो. याला जपानी सौंदर्यशास्त्रातील ‘मा’, म्हणजे अर्थपूर्ण अवकाश, असे नाव देऊन मोकळे होण्याचा प्रघात आहे. या कल्पनेचा येथे संबंध नाही असे नव्हे. परंतु याच रचनांच्या शेजारी बाखच्या कोरालची स्पष्ट पडछाया असलेली ‘आंदाता’सारखी रचना आहे, सातीच्या विरळ स्वरलेखनाचे संस्कार आहेत, केज यांचा मौनविषयक विचार आहे, आणि केज हे स्वतः झेन बौद्ध विचारांचे अभ्यासक होते. शिवाय २०१४ पासून कर्करोगाशी झुंजणाऱ्या माणसाच्या शरीराचीही मर्यादा आहे. विझत जाणारा स्वर ही पियानोची भौतिक अपरिहार्यता होय. न विझणाऱ्या नादाची ओढ साकामोतो यांनी बोलून दाखविली होती. राष्ट्रीय सौंदर्यतत्त्वाची एकच किल्ली या सर्व कुलपांना लागत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये, प्रकृती अतिशय क्षीण असताना, त्यांनी टोकियोतील ध्वनिमुद्रणकक्षात आपल्या २० रचना एकट्याने पियानोवर वाजविल्या. निओ सोरा यांनी त्यांचे ‘ओपस’ या नावाने चित्रण केले. ‘१२’ हा संग्रह त्यांच्या ७१ व्या वाढदिवशी, १७ जानेवारी २०२३ रोजी प्रसिद्ध झाला. त्यातील रचनांची नावे म्हणजे केवळ त्या ज्या दिवशी वाजविल्या त्या तारखा आहेत, आणि वादनाबरोबर वादकाचा श्वासही मुद्रित झाला आहे. २८ मार्च २०२३ रोजी त्यांचे निधन झाले.

८

वरील विवेचनाचे तात्पर्य थोडक्यात मांडता येईल.

पहिली गोष्ट, साकामोतो यांच्या संगीतात जपानी व युरोपीय असे दोन शुद्ध घटक वेगळे काढता येत नाहीत. त्यांच्या पिढीला मिळालेली ‘युरोपीय’ विद्या ही मेइजी शासनाने घडविलेली जपानी संस्था होती, आणि त्यांना सर्वाधिक प्रिय असलेला युरोपीय रचनाकार आशियाच्या ऋणात होता. दोन्ही नद्यांत एकमेकींचे पाणी आधीच मिसळलेले होते.

दुसरी गोष्ट, ‘मेळ घालणे’ ही कल्पना कलावंताच्या अंतःप्रेरणेइतकीच शासनाच्या गरजेतून जन्मते. १८७९ च्या योजनेने जो मेळ घातला, त्यात शामिसेनचा झणझणाट आणि ओकिनावाचे स्वर यांना जागा नव्हती. म्हणून कोणत्याही संगमाचा इतिहास लिहिताना त्याने काय जोडले याबरोबरच काय वगळले, याची नोंद झाली पाहिजे.

तिसरी गोष्ट, साकामोतो यांचे वैशिष्ट्य असे की, वारशाने मिळालेला मेळ त्यांनी आयुष्यभर वापरला आणि त्याच वेळी त्याच्यावर विश्वास ठेवण्याचे नाकारले. पत्रके वाटणारा विद्यार्थी आणि बुडालेल्या पियानोसमोर बसलेला वृद्ध वादक यांच्यात चाळीस वर्षांचे अंतर असले, तरी दोघांचा प्रश्न एकच आहे. त्यांनी पियानोचा त्याग केला नाही. तो करणे त्यांना शक्यही नव्हते, कारण त्यांची मातृभाषाच ती होती. मात्र ही भाषा आपल्या घरी कशी आली, याचा विसर त्यांनी स्वतःला पडू दिला नाही. आशियातील आधुनिक कलांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ‘संगम’ हा शब्द लिहिण्यापूर्वी एवढी दक्षता घेतली, तरी आजवर न विचारलेले पुष्कळ प्रश्न विचारले जातील.